सहीच्या आधी तुम्ही विचारलं होतं

नाना,

तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत मी तुमच्याशी जेवढं बोलले, तेवढं गेल्या पाच महिन्यांत बोलले नव्हते. शाळेत मुलींना रांगेत उभं करताना बोलते, पोळ्या लाटताना बोलते, स्कूटी चालवताना हेल्मेटच्या आतल्या आत बोलते. सगळं बोलून झालं की एक वाक्य उरतं. ते तुम्हाला मी कधीच सांगितलं नाही. आता आधी तेच लिहिते, नाहीतर पुन्हा इकडचं तिकडचं बोलत बसेन.

त्या दिवशी मला काही दिसलं नव्हतं.

तुम्ही विचारलंत, मी उत्तर दिलं, तुम्ही विश्वास ठेवलात आणि सही केलीत. माझं उत्तर खोटं होतं. त्याची शिक्षा तुम्ही भोगलीत आणि मी बाजूच्या खुर्चीत बसून पाणी पीत राहिले.

तुमचं वय, आयटीआयमधली नोकरी, किती वर्षं शिट्टी गळ्यात होती, हे सगळं पेपरातल्या चौकटीत आलं आहे. ते मी लिहीत नाही. मला चाळीसगावची माझी पहिली बास्केटबॉलची मॅच आठवते. पंचाची परीक्षा पास होऊन मला जेमतेम महिना झाला होता. पहिल्याच क्वार्टरमध्ये एका मुलीने चेंडू घेऊन वळण घेतलं आणि चेंडू न आपटता पावलं टाकली म्हणून मी ट्रॅव्हलिंगची शिट्टी वाजवली. तिने काहीच चूक केली नव्हती. शिट्टी तोंडातून निघाली त्याच क्षणी मला कळलं. तुम्ही पलीकडून चालत आलात, धावत नाही, आणि हळूच विचारलंत, "चुकली का?"

"हो नाना."

"मग तसं सांग आणि चेंडू तिला परत दे. चुकीची शिट्टी वाजली, एवढंच. लोक पाच मिनिटं ओरडतील."

लोक दोनच मिनिटं ओरडले. परत येताना स्टँडसमोर तुम्ही आम्हाला शेवभाजी खाऊ घातलीत. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटाने की कशाने, ते तुम्ही विचारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "वैशाली, तू पंच होशील. तुला चूक लगेच कळते."

मग नशिराबादला तुम्ही माझ्या सासऱ्यांना भेटायला आलात, तो दिवस. लग्न झालेली बाई ट्रॅकपँट घालून परगावी शिट्ट्या मारत फिरते, हे त्यांना पटत नव्हतं. दोन स्पर्धांना मी नकार कळवला होता, त्याचं कारण मात्र तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्ही न सांगता आलात. ओट्यावर बसलात, चहा घेतलात, कापसाच्या वेचणीबद्दल बोललात. इतर वेळी आमच्याशी तुम्ही पुस्तकी मराठीत बोलायचात. मनातलं काही बोलायचं असलं की मात्र थेट आपल्या खान्देशीत यायचात. सासऱ्यांना म्हणालात, "आबा, तुमनी सून खेळाले नही जास. न्याव कराले जास."

माझ्या सासऱ्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "मंग जाऊ दे बापा. न्यायाच्या कामाला कोण अडवतं."

त्यानंतर घरातून मला कोणी कधी अडवलं नाही. आज ते वाक्य आठवलं की मला घरात सासऱ्यांसमोरून जाता येत नाही. त्यांना वाटतं, तुम्ही गेल्याचं दुःख आहे म्हणून सून तोंड लपवते.

आपलं भांडण सुरू झालं ते रिप्लेवरून. मोठ्या स्पर्धांत पंच टेबलापाशी जाऊन पडद्यावर व्हिडिओ बघून निर्णय देतात, हे नियमात आलं तेव्हापासून मी त्याच्या बाजूची आणि तुम्ही विरुद्ध बाजूचे. विरुद्ध असूनही तो नियम तुम्हाला माझ्याहून जास्त पाठ होता. संध्याकाळी फोन करून तुम्ही प्रश्न विचारायचात. मी कणीक मळत असायचे आणि फोन डब्याला टेकवून स्पीकरवर ठेवलेला असायचा.

"तिसरा क्वार्टर. चेंडू बाहेर गेला. शेवटी कोणाचा हात लागला ते कळलं नाही. व्हिडिओ बघता येईल?"

"नाही. ते फक्त चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत आणि जादा वेळेत."

"बास्केट दोनची की तीनची?"

"ते कधीही बघता येतं."

"तू शिट्टी वाजवली नाहीस. कोच म्हणतो फाउल होता, बघा."

"साधा फाउल झाला की नाही त्यासाठी नाही बघता येत. वाजवलेला फाउल जास्त गंभीर होता का, तेवढं बघता येतं."

"क्वार्टर संपताना शॉट सुटला. आधी सुटला की हॉर्ननंतर?"

"कुठल्याही क्वार्टरच्या शेवटी बघता येतं. पण आधी मैदानावर आपला निर्णय द्यायचा, मग पडद्याकडे जायचं. पडद्यावर स्पष्ट दिसलं तरच निर्णय बदलायचा. स्पष्ट नसेल तर पहिला निर्णय कायम."

"आणि सगळ्यात आधी काय?"

हे मी दर वेळी विसरायचे. तुम्ही दर वेळी तेवढ्याच धीराने सांगायचात, "सगळ्यात आधी, मॅच सुरू व्हायच्या आधी, मुख्य पंचाने ती यंत्रणा तपासून मंजूर करायची. मंजूर नसेल तर त्या मॅचपुरता व्हिडिओ नाहीच. मग कोणी काहीही आणून दाखवो."

मी म्हणायचे, "नाना, डोळा चुकतो. पडद्याने एखाद्या पोरीचं नुकसान टळत असेल तर काय वाईट?" तुम्ही म्हणायचात, "पडदा आला की पंच बघायचं सोडतो. त्याला वाटतं, नंतर बघू." मी चिडायचे. तुम्ही आयटीआयमध्ये पोरांना व्हर्नियर धरायला शिकवलेले. मापाचा एवढा आग्रह असलेला माणूस कॅमेऱ्याला का घाबरतो, असंही मी एकदा बोलले. तुम्ही हसलात आणि काकूंना हाक मारून सांगितलंत, "ऐक, जळगाववाली मला घाबरट म्हणते." काकू मागून म्हणाल्या, "बरोबरच म्हणते." त्या दिवशी आपण तिघंही हसलो होतो.

डिसेंबरमध्ये धुळ्याला मुलींची ती फायनल आली. जळगाव विरुद्ध धुळे. आपण दोघंच पंच, मुख्य पंच तुम्ही. तुम्ही धुळ्याचे, मी जळगावची, म्हणजे कोणी पक्षपात म्हणणार नाही, असा संघटनेचा हिशोब. आणि आयोजकांनी पहिल्यांदाच दोन कॅमेरे लावले होते. टेबलाशेजारी पडदा ठेवला होता. मला केवढा आनंद झाला होता! मी म्हणाले, "नाना, आज तुमचा हट्ट संपला."

तुम्ही मॅचआधी तासभर ते तपासत होतात. टेबलावरच्या मुलाला हॉर्न वाजवायला लावलंत, मला बास्केटखालून शॉट मारायला लावलंत आणि पडद्यावर पुन्हा पुन्हा बघितलंत. एका कॅमेऱ्यात वेळ संपली की लागणारा बॅकबोर्डवरचा लाल दिवा दिसत नव्हता, प्रायोजकाच्या बॅनरने झाकला जात होता. दुसऱ्यात दिवा दिसत होता, पण चित्र आवाजाच्या मागे पडत होतं. तुम्ही बॅनर काढायला सांगितलंत. आयोजक म्हणाले, जमणार नाही. मग तुम्ही दोन्ही कोचना बोलावून सांगितलंत की यंत्रणा मंजूर नाही, आज व्हिडिओ बघितला जाणार नाही.

मी तुम्हाला बाजूला घेतलं. "नाना, निदान दोनची की तीनची एवढं तरी बघता येईल. काही नसण्यापेक्षा बरं."

"दिवा दिसत नाही त्या पडद्यावर बोट ठेवून मी पोरींना सांगू, की हे बघ तुझा शॉट उशिरा होता? नाही सांगणार." मग माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणालात, "आज आपले डोळेच. नीट बघ म्हणजे झालं."

तुमचं बरोबर होतं. नियमाने बरोबर होतं आणि माणूस म्हणूनही बरोबर होतं. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मी फुगून बसले होते.

मॅच कशी झाली ते तुम्हाला माहीत आहे. धुळ्याच्या मुलींच्या विरुद्ध मी शिट्टी वाजवली की गॅलरीतून "जळगाववाली, जळगाववाली" सुरू व्हायचं. मी ऐकत नाही असं दाखवत होते, पण एकूण एक आरोळी मला ऐकू येत होती. शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा धुळे एका गुणाने पुढे होतं. चेंडू जळगावच्या ऋतुजाकडे आला. दीपनगरच्या वसाहतीतली ती उंच मुलगी. तुम्ही बास्केटखाली, मी मागे. शेवटच्या शॉटची जबाबदारी मागच्या पंचाची. चेंडू हातातून कधी सुटतो आणि दिवा कधी लागतो, एवढंच मला बघायचं होतं.

मी तिच्या पायाकडे बघितलं, नाना. तिचा पाय तीनच्या रेषेवर आहे का ते बघत होते. त्याची काही गरज नव्हती. दोन मिळाले असते तरी जळगाव जिंकत होतं. मी मान वर केली तेव्हा चेंडू हवेत होता आणि लाल दिवा लागलेला होता. आधी काय झालं ते मला माहीत नव्हतं. चेंडू जाळीत गेला. जळगावच्या मुली उड्या मारायला लागल्या. माझ्या कानात ती एकच आरोळी होती, आणि बास्केट दिली तर पुढे काय काय ऐकावं लागेल ते सगळं मला एका क्षणात दिसलं. चेंडू दिसला नाही, ते मात्र दिसलं. माझे हात आपोआप हलले आणि मी बास्केट रद्द केली.

जळगावचे कोच फोन हातात घेऊन धावत आले. कोणा पालकाने पलीकडच्या बाजूने व्हिडिओ काढला होता. "सर, बघा, एकदा बघा, चेंडू हातातून सुटलाय." तुम्ही फोनकडे बघितलंसुद्धा नाही. "मंजूर नसलेला व्हिडिओ मला बघता येत नाही," म्हणालात. ते ओरडले, रडकुंडीला आले, तरी तुम्ही बघितलं नाहीत. पण स्कोअरशीटही पुढे ओढली नाहीत. सही झाली की सगळं संपतं, तोवर आपल्याला आपसांत बोलून निर्णय बदलता येतो. तुम्ही मला टेबलापासून चार पावलं लांब नेलंत आणि पाठ लोकांकडे करून उभे राहिलात, म्हणजे माझा चेहरा कोणाला दिसू नये.

"तुले काय दखायनं?" तुम्ही विचारलंत.

"लाल दिवा आधी लागला, नाना."

"नक्की?"

"नक्की."

"शंका असेल तर आत्ता सांग बेटा. सही व्हायची आहे अजून."

तीनदा विचारलंत तुम्ही. चाळीसगावला विचारलं होतं त्याच आवाजात. "मला दिसलं नाही" असे तीन शब्द होते. ते बोलले असते तर तुम्ही काय केलं असतं ते मला माहीत नाही. कदाचित बास्केट दिली असती, कदाचित नसती. पण ते तुम्ही ठरवलं असतं, खरं ऐकून. मी म्हणाले, "शंका नाही." तुम्ही जाऊन सही केलीत.

तो व्हिडिओ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरला. कोणीतरी तो थांबवून थांबवून दाखवला होता. चेंडू बोटांपासून वीतभर लांब आणि दिवा अजून लागलेला नाही. खाली तुमचा फोटो आणि मजकूर: धुळ्याच्या पंचाने धुळ्याला मॅच दिली. म्हणूनच कॅमेरा नको म्हणाला. बास्केट कोणी रद्द केली हे कोणी विचारतच नव्हतं, कारण त्यात मी जळगावची होते आणि जळगावच्याच विरुद्ध गेले होते. मग मी प्रामाणिक ठरले. लोकांनी मला फोन करून सांगितलं की मॅडम, तुमच्यावर त्यांनी दबाव आणला असणार.

मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "तू कुठे काही लिहू नकोस. त्यात पडू नकोस."

"पण नाना, निकाल तर मी..."

"सही मनी शे," म्हणत तुम्ही सगळं स्वतःवर घेतलंत, आणि शाळेच्या परीक्षा कधी आहेत ते विचारलंत.

फोन ठेवल्यावर मला काय वाटलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मला बरं वाटलं. सुटले असं वाटलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

संघटनेच्या चौकशीला आपण दोघं शेजारी बसलो होतो. त्यांनी विचारलं, बास्केट रद्द करण्याचा निर्णय कोणाचा? तुम्ही म्हणालात, "मुख्य पंच मी होतो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्यासमोर पाण्याचा ग्लास होता. मी तो उचलला आणि सगळा प्यायले, म्हणजे बोलावं लागू नये. वर्षभरासाठी तुमचं नाव पंचांच्या यादीतून काढलं. बाहेर पडताना तुम्ही मला बसस्टँडपर्यंत सोडलंत. पारोळ्यावरून जळगावला जाणाऱ्या गाडीत बसवून दिलंत. खिडकीतून म्हणालात, "जपून जा."

त्यानंतर मी चार वेळा सांगायचं ठरवलं. एकदा तर धुळ्यापर्यंत आले. तुम्ही अंगणात खुर्चीवर बसून जुन्या शिट्ट्या गरम पाण्यात धूत होतात. आता वाजवायला मॅच नव्हती, तरी धूत होतात. मला बघून इतके खूश झालात की काकूंना लगेच भरीत करायला सांगितलंत. मी जेवले. वरून कळण्याची अर्धी भाकरी मागून घेतली. तुमच्या हनुवटीवरची दाढी पांढरी वाढलेली दिसत होती आणि तुम्ही मला नव्या नियमांचं पुस्तक आलं का विचारत होतात. मी तशीच परत आले.

आणि मग निवड शिबिराची यादी लागली. त्यात जिंकलेल्या संघाच्या मुली होत्या. ऋतुजाचं नाव नव्हतं. आदल्या वर्षी तिचं नाव होतं, या वर्षी नव्हतं. मी शाळेच्या स्टाफरूममध्ये ती यादी बघितली आणि मला ते सहन होईना. तेव्हा मी काय करायला हवं होतं ते कोणालाही कळेल. मी तुम्हाला फोन केला आणि तुमच्यावर ओरडले.

"नियम बदलायला पाहिजे नाना! पालकांच्या फोनमध्ये दिसतंय तर बघायला काय होतं?"

"बठ्ठा फोन पंच व्हई जातीन मंग," तुम्ही शांतपणे म्हणालात. "फोन तर सगळ्यांकडेच असतो. ज्याला जे पाहिजे तेवढंच तो दाखवेल."

"मग निदान तो कॅमेरा तरी मंजूर करायचा होता! तुमच्या हट्टापायी त्या पोरीचं वर्ष गेलं."

हे मी बोलले. मी. तुम्हाला.

मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणालात, "हां. ते बी खरं शे." आणि नंतर, "बरं, ठेवतो." आपलं शेवटचं बोलणं ते. पुढचे तीन आठवडे मी फोन केला नाही, कारण माझ्याकडे तोंड नव्हतं. तुम्ही केला नाहीत, कारण तुम्हाला ते खरं वाटलं असावं. मग पहाटे फिरायला गेलेले तुम्ही रस्त्याच्या कडेला बसलात ते उठलाच नाहीत, हे मला ग्रुपवर वाचून कळलं.

परवा तुमची शोकसभा झाली. सगळे चांगलं बोलले. एकाने सांगितलं की नानांच्या निर्णयावर कधी बोट ठेवता आलं नाही, शेवटचा एक निकाल सोडला तर, पण माणूस आहे, चूक होते, आपण मोठ्या मनाने विसरू या. लोकांनी माना हलवल्या. काकू पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी मान खाली घातली.

मी उठले. माझं नाव बोलणाऱ्यांच्या यादीत नव्हतं. मी म्हणाले, तो निकाल माझा होता. बास्केट मी रद्द केली. मला काही दिसलं नव्हतं. नानांनी तीनदा विचारलं आणि मी तीनदा खोटं बोलले. कॅमेरा त्यांनी नाकारला तो योग्य कारणाने नाकारला, मी तिथे होते. चौकशीत मी गप्प बसले.

हॉलमध्ये कोणी ओरडलं नाही. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. संघटनेचे अध्यक्ष उठून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही भावनेच्या भरात आहात. आता ते गेले. कशाला पुन्हा उकरायचं?" मी म्हणाले, लिहून घ्या. ते म्हणाले, मॅचवर सही झालेली आहे, आता काय लिहिणार? आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

मी काकूंच्या पाया पडायला गेले. त्यांनी पाय मागे घेतले.

"हे तू डिसेंबरमध्ये बोलली असतीस," त्या म्हणाल्या, "तर ते दोन घास जेवले तरी असते."

एवढंच. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी तिथे किती वेळ वाकून उभी होते मला आठवत नाही. कोणीतरी मला धरून बाहेर आणलं.

काल मी दीपनगरला ऋतुजाकडे गेले. निदान तिथे तरी पोचायला हवं होतं. ती बारावीच्या क्लासवरून येत होती. तिने खेळणं बंद केलंय, तिच्या आईने सांगितलं. आम्ही दोघी बिल्डिंगच्या खाली पायऱ्यांवर बसलो. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, मला शिव्या देईल. मला त्या हव्या होत्या.

ती म्हणाली, "शॉट वेळेत होता ते मला तेव्हाच माहीत होतं मॅडम. माझ्या हातातून सुटला होता ना." मग म्हणाली, "म्हणजे त्या सरांनी काहीच केलं नव्हतं?"

"नाही."

"त्यांना माहीतही नव्हतं?"

"नाही. मी सांगितलं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला."

तिचा चेहरा एकदम उतरला. तिने बॅगेतून फोन काढला, बोटाने खूप मागे मागे गेली आणि माझ्या हातात दिला. त्या व्हिडिओखाली कोणीतरी तुमचा नंबर टाकला होता. त्या नंबरवर तिने लिहिलं होतं, "तुम्ही माझं करिअर संपवलं. तुम्ही मेलात तरी मला वाईट वाटणार नाही." खाली दोन निळ्या खुणा होत्या. तुम्ही ते वाचलं होतंत. उत्तर दिलं नव्हतंत.

मी तारीख बघितली. यादी लागली तो दिवस होता. तिने सकाळी लिहिलं होतं, माझा फोन दुपारी आला होता. मी तुमच्यावर ओरडत होते तेव्हा हे तुमच्या फोनमध्ये वाचून झालेलं होतं.

"सतरा वर्षांची आहे मी," ऋतुजा म्हणाली. का म्हणाली कोण जाणे. मग तिला हुंदका आवरेना. "तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं तर मी असं लिहिलं असतं का मॅडम? सांगा ना. लिहिलं असतं का?"

"नाही," मी म्हणाले.

तिची आई गॅलरीतून वाकून बघत होती. मला त्या मुलीच्या पाठीवर हात ठेवायचा धीर झाला नाही. खूप वेळाने तिने डोळे पुसले आणि विचारलं, "त्यांचा फोन आता कोणाकडे असतो?"

"त्यांच्या मिसेसकडे असेल."

"मग त्यांनी हे वाचलं असेल?"

"माहीत नाही."

ती उठली, पुन्हा बसली. म्हणाली, "मला त्यांच्याकडे जायचंय. तुम्ही नेता का?"

मी तिला सांगितलं की काकूंनी मला पायासुद्धा पडू दिलं नाही, त्या कदाचित दार लावून घेतील. ती म्हणाली, चालेल. दारात उभं राहू.

म्हणून रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघी येतो आहोत, नाना. ती काय बोलेल ते तिने ठरवलेलं नाही. मीही नाही. काकूंनी आत घेतलं तर बसू, नाही घेतलं तर उभ्या राहू. एवढी वर्षं मी त्या दारातून सरळ आत आले, कारण तुम्ही आतून ओरडायचात, या जळगाववाली. या वेळी आधी कडी वाजवावी लागेल आणि कोणी येईपर्यंत बाहेर थांबावं लागेल.

वैशाली